भांडी घासायची जागा

सोनखासच्या पाटीपाशी पहाटे पाचला कोणीतरी स्टीलच्या ताटलीवर पळी वाजवतं. लग्न नाही, आरती नाही.

बेलखेड्यात एकशे चाळीस घरं. बहुतेक घरांत तीन भोकांचे प्लग. वरच्या मोठ्या भोकात मुंग्या राहतात.

कैलासचा डावा गुडघा पायरी उतरताना वाजतो. चढताना वाजत नाही, नुसता दुखतो.

मे महिन्यात दूध आठला दूध असतं, नऊलाही दूध असतं. साडेनऊला त्याचं काय झालं ते कॅन उघडणाऱ्याच्या नाकाला विचारावं.

एका घरात अडीच किलो मीठ एका संध्याकाळी संपलं. त्या घरी लोणचं घातलं नव्हतं.

शंभर टक्के

अठरा वर्षं कैलासनं भैयाजींची डिझेल पिकअप चालवली. कापूस, ढेप, सिमेंट, नवरदेवाकडचं वऱ्हाड, जे मिळेल ते. कापसाच्या दिवसांत हिंगणघाटच्या जिनिंगबाहेर गाड्यांची रांग मैलभर लागायची आणि ती अर्ध्या अर्ध्या फुटानं सरकायची. प्रत्येक अर्ध्या फुटाला एकदा डावा पाय क्लचवर. गुडघ्यात देवानं जे काही वंगण भरून पाठवलं होतं ते त्या रांगेत संपलं. वर्ध्याचा डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाला, "क्लच सोडा, नाहीतर गुडघा सोडा."

चव्वेचाळीस वर्षांच्या ड्रायव्हरला क्लच सोड म्हणणं म्हणजे ढिवराला पाणी सोड म्हणणं. दुसरं काही त्याला येत नव्हतं.

म्हणून ही विजेवरची गाडी. क्लच नाही, गिअर नाही, डाव्या पायाला कामच नाही. पांढरी, आखूड, समोर जाळी नसलेली. समोरून पाहिलं तर दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसायची. घरापुढं आणून उभी केली तेव्हा बायकोनं, छायानं, ओवाळलं आणि आईनं, रुख्माबाईनं, चाकाखाली लिंबू ठेवलं.

संध्याकाळी भैयाजी स्वतः पाहायला आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. वाकून खाली पाहिलं.

"सायलेन्सर कुठं आहे बे हिचं?"

"नसते, भैयाजी."

"म्हणजे बोलतच नाई? आपल्या घरी अशी एखादी भेटली असती त किती बरं झालं असतं!" पारावरचे चार जण हसले. "पन मी म्हनतो, दोन्हीवाली काऊन नाई घेतली? डिझेल संपलं त करंट, करंट संपला त डिझेल."

"पिकअपमंदी तशी भेटत नाई."

"मंग बंडीलेच बसवाची होती एक मोटर. बैल थकला का दाबलं बटन."

कैलासही हसला. अठरा वर्षांची सवय होती.

दुधाचा रूट त्याला वर्ध्याच्या चिलिंग सेंटरच्या अण्णाजींनी दिला होता, तोही परीक्षेवर. सहा गावं, अठरा कॅन, जाऊन येऊन चौऱ्याहत्तर किलोमीटर. याआधी रूट भैयाजींच्या गाडीकडे होता, पण भैयाजींची गाडी लग्नसराईत कधी यायची, कधी नाही.

"पंधरा दिवस पाह्यतो, कैलासभाऊ," अण्णाजी म्हणाले. "नवाच्या आत माल आत. दोन डाव उशीर झाला त माह्या हातात काई नाई राहत. रूट वापस भैयाजीकडे."

"एक डावही होत नाई."

हे बोलायला नको होतं, हे त्याला फाटकाबाहेर पडल्यावर समजलं.

एकोणसाठ टक्के

पहिल्याच दिवशी सोनखासला कोणी कॅन घेऊन बाहेरच आलं नाही. कैलास पाटीपाशी दहा मिनिटं थांबला. शेवटी एक म्हातारी गोठ्यातून डोकावली. "अवो, तुमी कवा आले? गाडी कुठं वाजली?" सहाही गावं भैयाजींच्या इंजिनाच्या आवाजावर धारा आटोपत होती. गाडी खिंडीत घुरघुरली की शेवटची गाय, पुलावर आली की कॅनचं झाकण. आता खिंडीत काही घुरघुरत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून छाया शेजारच्या सीटवर ताटली आणि पळी घेऊन बसली. गाव आलं की खिडकीतून हात बाहेर काढून वाजवायची. लाज वाटली ती दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पोरं मागं धावायला लागली आणि लाज पळून गेली.

कॅन चढवायचं दोघं मिळून. अठ्ठेचाळीस किलोचा भरला कॅन, एका कानाला तो, एका कानाला ती. "हं," म्हटलं की वर. अठरा वेळा "हं." सूर्य उगवायच्या आत दोघांची पाठ ओली.

सहाव्या दिवशी मार खाल्ला.

आदल्या रात्री वीज गेली होती आणि गाडी चाळीस टक्क्यांवरच निघाली. तरी पोचली असती. पण खडकीचा तीन किलोमीटरचा उतार लागला आणि कैलासचा हात आपोआप बटणाकडे गेला. न्यूट्रल. अठरा वर्षं उतारावर गाडी न्यूट्रल करून त्यानं भैयाजींचं डिझेल वाचवलं होतं. हाताला वाटलं, आताही वाचवतोय. रोजच करायचा, त्या दिवशी नडलं. वर्धा सात किलोमीटर असताना पडद्यावर बॅटरी संपत आल्याचं पिवळं कासव आलं आणि गाडी कासवासारखीच चालू लागली. सायकलवाला पोरगा मागून आला, बाजूनं गेला, वळून पाहिलं.

नऊ वाजून वीस मिनिटं. चार कॅन नासले. अण्णाजींनी कॅनवर झाकण ठेवलं आणि एक बोट वर केलं.

वायरमन रुपेशनं फोनवर ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारल्याचा आवाज इकडं आला. "अहो भाऊ, उतारावर न्यूट्रल कराची नाई! डिझेलची गाडी उतारावर उपाशी राह्यते. ही उतारावर जेवते, चार्ज होते. जेवू द्या तिले."

एक्काहत्तर टक्के

चूक आपलीच होती, हे कळूनही माणूस काहीतरी हाताशी धरतो. त्या दुपारी कैलासनं गाडी धुतली. नवी लिंबू-मिरची बांधली. पायदाणाखालची माती चमच्यानं खरवडली. मग त्याची नजर भिंतीकडे गेली. तिथं चार्जरची पेटी, पेटीतून निघालेली हिरवी वायर जमिनीत गेलेली, आणि त्या वायरीच्या बुडाशीच रुख्माबाई भांडी घासत बसलेली. राख, शितं, आमटीचं पाणी, सगळा काला. कोंबडी त्यात चोच मारत होती.

"माय, हे काय आहे?"

"भांडे."

"मले दिसून राह्यले भांडे. नव्या गाडीपाशी खरकटं काऊन? लक्ष्मी आहे ते."

"अरे, तो वायरमन पोट्टा म्हने का इथं—"

"त्यानं करंट जोडला, घर नाई जोडलं! करंटपाशी कोनी पानी टाकते का? चिपकून बसशीन एक दिवस."

छायाही दारातून म्हणाली, "हाव ना आत्याबाई, पुढच्या दारी भांडे बरे नाई दिसत. जानारे-येनारे पाह्यतात."

रुख्माबाईनं दोघांकडे पाहिलं. तोंडात तंबाखूची चिमूट होती, ती तिनं या गालातून त्या गालात नेली. घमेल्यात भांडी भरली, राखेचं टमरेल वर ठेवलं आणि मागच्या दाराकडं निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "बरं बाप्पा. तुमी शिकलेले."

कैलासनं ती जागा झाडली. कोरडी मुरमाड माती टाकून एकसारखी केली. चांगली दिसू लागली.

एकवीस टक्के

बारावा दिवस. सेहेचाळीस अंश. दूध वेळेत देऊन दोघं साडेबाराला घरी आले. कैलासनं चार्जरची नळी गाडीत खुपसली. रोज हिरवा दिवा लागायचा. आज लाल लागला. लागला, विझला. लागला, विझला.

काढून परत लावली. लाल.

पाच मिनिटं थांबला, देवाचं नाव घेतलं, लावली. लाल.

"रुपेश, लाल देऊन राह्यली."

"किती डाव लपलपते?"

"तीन. मंग थांबते. मंग तीन."

"अर्थिंग गेली, भाऊ. जमिनीचा करंट भेटत नाई तिले. त्याच्याशिवाय ही गाडी दाना खात नाई, लय भित्री जात आहे. मी गडचांदूरले आहो, परवा येतो."

"परवा नाई चालत. पहाटे साडेचारले निघाचं आहे."

"मंग दुसऱ्याच्या घरी लावा. पन पह्यले बल्ब लावून पाह्यजा. एक वायर फेजले, एक वरच्या मोठ्या भोकाले. बल्ब पेटला त अर्थ आहे. पायात चप्पल घालजा."

एकवीस टक्के

गाव दुपारी दार लावून निजलं होतं. कैलास बल्ब, दोन वायरी आणि एक लंगडा पाय घेऊन निघाला.

रूपरावाच्या घरी बल्ब पेटला नाही. वरच्या भोकातून मुंग्या बाहेर आल्या. शोभाबाईच्या घरी पेटला नाही. किराणा दुकानात नाही, पिठाच्या गिरणीत नाही. गिरणीवाला डोळे चोळत म्हणाला, "ते भोक कशाचं असते, हे मले आज समजलं. मी समजलो, मोठ्या पिनीसाठी आहे." ग्रामपंचायतीत सरकारी फिटिंग, म्हणून आशेनं गेला. शिपायानं पंख्याखालून न उठता बोट दाखवलं. पेटला नाही.

एकशे चाळीस घरं वर्षानुवर्षं टीव्ही, फ्रीज, मोटार, गिरणी, सगळं चालवत होती आणि एकाचाही धागा मातीत गेलेला नव्हता. कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते याचं.

खरी अर्थिंग गावात एकाच घरी असणार, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. नागपूरच्या ठेकेदारानं बांधलेला बंगला. त्याच घरी तो सगळ्यांत शेवटी गेला.

भैयाजी कूलरपुढं बनियनवर बसले होते. कैलास पायरीवर टेकला. अठरा वर्षं इथंच टेकायचा. त्यांनी पाणी दिलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. त्यामुळं जास्त वाईट वाटलं.

"लाव ना, बावा. तुले मी नाई म्हनन का? रात्रभर लाव, दोन रात्री लाव." बशीत चहा ओतून त्यांनी फुंकर मारली. "पन उद्याचा माल माही गाडी नेईन. अण्णाजीले मी फोन करतो. त्या नव्या ड्रायव्हरले गल्ल्या माहीत नाई. तू बाजूच्या शीटवर बसजो अन् दाखवजो."

"अन् परवा?"

"परवाही दाखवजो. तुह्या गुडघ्याले तेवढंच झेपते आता. बाजूच्या शीटले क्लच नसते."

कूलरचं पाणी पाइपातून खाली ठिबकत होतं. पायरीपाशी ओलं झालं होतं, तिथं चार पुदिन्याची रोपं लसलसत होती. कैलास ती पाहत राहिला. या उन्हाळ्यात अख्ख्या गावात हिरवं तेवढंच होतं.

"उद्या साडेचारले माहीच गाडी निघन, भैयाजी."

"कशानं? धक्का मारून?"

"निघन."

तो उठला तेव्हा गुडघा वाजला. कूलर चालू असूनही तो खोलीभर ऐकू गेला.

एकवीस टक्के

घरी आला तर छाया आणि रुख्माबाईत जुंपली होती. म्हणजे छाया बोलत होती आणि रुख्माबाई पाण्याचा पितळी गुंड उचलत होती.

"अवो, पाहा तरी तुमच्या मायले! नळ परवा येनार आहे. प्याच्या पान्याचे दोन गुंड मातीत ओतले!"

भिंतीपाशी हिरव्या वायरीच्या बुडाशी कैलासनं टाकलेला मुरूम रुख्माबाईनं हातानं उकरला होता. खाली काळी माती, भेगा पडलेली. भेगेत बोट जाईल एवढी. तिनं तिसरा गुंड उलटा केला. पाणी चर्र करून आत गेलं, बुडबुडे आले आणि पुन्हा कोरडं. जणू ओतलंच नव्हतं.

कैलास बघत राहिला. ओली पायरी डोळ्यांपुढं आली. सहा दिवसांपूर्वी इथं राख होती, शितं होती, कोंबडी होती. रोज दोन वेळचं पाणी होतं.

"माय, थांब."

"कायले थांबू? दिवस बुडून राह्यला."

"गुंडानं नाई होत. हापसीवरून आनतो."

हापसी मागच्या दारानं दोनशे पावलांवर. उन्हाळ्यात तिला पाणी यायला आधी चाळीस वेळा कोरडी हापसावी लागायची. छायानं पदर खोचला आणि दांड्यावर अख्खी लोंबकळली. पाणी आलं ते करंगळीएवढं. कैलासनं दुधाचा रिकामा कॅन भरला आणि खांद्यावर घेतला. सपाटीवर पाय बरा चालायचा. घराच्या उंबऱ्याशी तीन पायऱ्या होत्या अंगणात उतरायला, तिथं प्रत्येक खेपेला गुडघा वाजायचा. पहिल्या दहा खेपा त्यानं मोजल्या. मग मोजणं सोडलं.

लोक उठून दारात आले. रूपराव म्हणाला, "कैलास, काय पेरून राह्यला बे?"

"गाडी!"

"पानी लय मागते तुही गाडी. डिझेल बरं होतं!"

पण तोच रूपराव थोड्या वेळानं आपला कॅन घेऊन हापसीवर आला. शोभाबाईचा हात छायाच्या हाताशेजारी दांड्यावर पडला.

"मीठ आन," रुख्माबाई म्हणाली.

"किती, आत्याबाई?"

"असन तेवढं."

डब्यातलं, बरणीतलं, न फोडलेलं पाकीट. मीठ, पाणी, मीठ, पाणी. रुख्माबाई उकिडवी बसून काठीनं खड्डा ढवळत होती, भाकरीचं पीठ मळावं तशी, घाई नाही, थांबणंही नाही.

कैलासनं चप्पल घातली. एक वायर फेजला लावली, एक हिरव्या वायरीच्या बुडाशी गाडलेल्या अर्थिंगच्या रॉडला टेकवली.

बल्बात काही नाही.

आणखी चार कॅन. बल्बाच्या तारेत तांबडा धागा दिसला, काजव्याएवढा.

आणखी सहा. नारिंगी.

सूर्य बोरीमागं टेकला तेव्हा बल्ब पेटला. पूर्ण. त्याच्या उजेडात रुख्माबाईचे चिखलानं माखलेले हात कोपरापर्यंत दिसले. कैलासनं नळी गाडीत खुपसली. सगळे दिव्याकडं वाकले.

हिरवा.

बावीस टक्के

"माय, तुले कसं समजलं पान्याचं?"

"राखेचं टमरेल आन मागून. भांडे राह्यले."

शहाण्णव टक्के

साडेचारला गाडी निघाली. छायाची ताटली सहाही गावांत वाजली. अठरा वेळा "हं." खडकीचा उतार आला तेव्हा कैलासचा हात बटणाकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि परत मांडीवर आला. त्यानं पायही उचलून घेतला. गाडी स्वतःला धरून धरून उतरली. खाली पोचली तेव्हा आकडा दोननं वाढला होता.

"जेवली," छाया म्हणाली.

सेंटरच्या फाटकात भैयाजींची पिकअप उभी होती. इंजिन चालू, नवा ड्रायव्हर बोनेटला टेकून मोबाइल पाहत होता. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं; रूट परत मिळणारच या हिशेबानं भैयाजींनी नुसतं जाऊन थांब म्हटलं होतं. कैलासनं त्याच्या बाजूनं गाडी आत घेतली. आवाज नसल्यामुळं तो दचकला.

अण्णाजींनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. आठ सदतीस. झाकण उघडून वाकले. दुसरं उघडलं. अठराही उघडले.

"भैयाजीचा फोन आलता का तुही गाडी बंद आहे."

"बंद होती."

"मंग?"

"आता नाई."

अण्णाजींनी वहीत सही केली. "दोन दिवस राह्यले, कैलासभाऊ."

"हाव. येतो ना. रोजच येनार आहो."

एकोणीस टक्के

येताना त्यानं सेलूला थांबून खड्या मिठाची पाच किलोची पिशवी घेतली. घरी आल्यावर आधी ती चार्जरखाली ठेवली. मग मागच्या दारी गेला. घमेलं उचललं, राखेचं टमरेल उचललं, काथ्याचा चोथा उचलला, आईचं बसायचं लाकडी पाटलंही उचललं. सगळं पुढं आणून हिरव्या वायरीशेजारी मांडलं. पाटलं हलत होतं, त्याखाली खापरी सारली. त्यावर जोर देऊन पाहिलं. हललं नाही.

"माय, इथंच घासत जाजो आता."

रुख्माबाईनं तंबाखू या गालातून त्या गालात नेली. पाटल्यावर बसली, पहिली कढई ओढली आणि तिच्यातलं पाणी वायरीच्या बुडाशी ओतलं.

गाडी यायच्या आठ दिवस आधी रॉड गाडला, तेव्हा कैलास शोरूमला गेला होता आणि छाया माहेरी होती. रुपेशनं हत्यारं आवरताना घरात होती तिला सांगितलं, "आजी, इथली ओल जाऊ देऊ नका." त्या संध्याकाळी रुख्माबाईनं तीस वर्षांची भांडी घासायची जागा मागच्या दारातून पुढच्या दारी आणली.